नवीन नोट आली की चॅटवर आपोआप मेसेज: गूगल चॅटचं वेबहुक आणि ॲप्स स्क्रिप्ट, सीए ऑफिसातून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना घाई आहे त्यांनी बाकीचं सोडलं तरी चालेल. ऑफिसात गूगल वर्कस्पेस आधीपासून असेल तर कोणी कामाची नवीन नोट लिहिली की सगळ्यांना कळवायला गूगल चॅटचं इनकमिंग वेबहुक आणि त्याला जोडून ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्या शीट, फॉर्म वगैरेंसाठी छोटा कोड लिहायची सोय) ही जोडी जरूर लावा, वेगळा रुपया लागत नाही, एका दुपारचं काम आहे आणि एकदा नीट बसलं की परत हात लावायला लागत नाही. फक्त 'फोल्डरमध्ये नवीन फाइल पडली की मेसेज' हा जो प्रकार यूट्यूबवर सगळे शिकवतात तो तसाच्या तसा लावू नका, लोक तो म्यूट करतात आणि त्यांचं काही चुकत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कुठे कापलाय ते येईलच.

मी सांगलीत एका सीए ऑफिसात आहे, सही करणारी मी नव्हे, सही सरांची, मी ऑफिस सांभाळते म्हणजे रिटर्नच्या तारखा, आर्टिकल पोरांची, म्हणजे सीए व्हायला ऑफिसात काम शिकणाऱ्यांची, कामं, प्रिंटरचं टोनर, आणि कॉम्प्युटरशी संबंधित काहीही असलं की 'ताईंना विचारा'. आता सीए ऑफिसात माहिती साठवायची अडचण इतर धंद्यांपेक्षा जरा जास्त आहे कारण आमच्याकडे माणसं टिकतच नाहीत, म्हणजे टिकायची सोयच नाही, सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, 2023 मध्ये नवीन स्कीम आणल्यापासून आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली, त्यात सुट्ट्या, परीक्षा, क्लास, पोरगं जरा हाताशी येतंय तोवर त्याची निघायची वेळ होते आणि त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. कुठल्या क्लायंटचा रिफंड कशाने अडकला होता, पोर्टलवर अमुक एरर आला की काय करायचं, सप्लायरचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत तर आयटीसी (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) कुठल्या महिन्यात रिव्हर्स दाखवायची, हे सगळं लिहून ठेवा म्हणून सर ओरडतात आणि पोरं खरंच लिहितात हो, त्यांना उगाच नावं ठेवत नाही मी. शेअर्ड ड्राइव्हमध्ये फोल्डर आहे, त्यात चांगल्या नोट्स आहेत. अडचण लिहिण्याची नव्हतीच. अडचण अशी की बाजूच्या टेबलावरच्याला पत्ता नसायचा की अशी नोट आहे, तो तेच परत शोधत बसायचा, आणि तेही वीस तारखेला, थ्रीबीच्या, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नच्या, गडबडीत.

व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, कुणाकडे नाही. पण त्यात सर्क्युलरच्या पीडीएफ, क्लायंटनी पाठवलेले बँक स्टेटमेंटचे फोटो, कोण उद्या सुट्टीवर आणि कोणाच्या वाढदिवसाचा केक, सगळं एकावर एक. आणि व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपला वेबहुक लावायची सरळ सोय नाहीये, जे काही जुगाड नेटवर सापडतात ते नंबर ब्लॉक व्हायची भीती घेऊन करायचे, ऑफिसचा नंबर गेला तर क्लायंट कुठे शोधणार आपल्याला. म्हणून तो विषय पहिल्याच दिवशी बंद केला. वर्कस्पेस मेलसाठी घेतलेलंच होतं, त्यात चॅट पडून होतं, कोणी उघडत नव्हतं, तिथे एक स्पेस (चॅटमधला ग्रुप) केली, 'नवीन नोट्स' एवढंच नाव, आणि पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की इथे गप्पा नाहीत.

तर वेबहुक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो त्या स्पेसचा एक लांबलचक गुप्त पत्ता असतो, त्या पत्त्यावर बाहेरून मजकूर पाठवला की तो स्पेसमध्ये मेसेज म्हणून उमटतो. एवढंच. उलटं काही जात नाही, म्हणजे खाली कोणी 'थँक यू' किंवा 'हे चुकलंय' लिहिलं तरी स्क्रिप्टला त्याची खबर नसते. बनवायला कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये स्पेस उघडायची, मोबाइल ॲपमधून होत नाही हे लक्षात ठेवा नाहीतर शोधत बसाल, वर स्पेसच्या नावावर क्लिक करून ॲप्स अँड इंटिग्रेशन्समध्ये जायचं, वेबहुक ॲड करायचं, त्याला नाव द्यायचं, हवं तर एक चित्राची लिंक द्यायची जी डीपीसारखी दिसते, सेव्ह केलं की पत्ता मिळतो. आम्ही नाव ठेवलं 'नोटवाला'. मेसेज आला की त्या नावाशेजारी ॲप असा छोटा बिल्ला दिसतो म्हणजे माणूस नाही हे कळतं. तो पर्यायच दिसत नसेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये चॅटच्या सेटिंगला वेबहुकची परवानगी बंद असेल, ज्याच्याकडे ॲडमिन आहे त्याला सांगा. आणि साध्या फुकटच्या जीमेलवर हे मिळत नाही, वर्कस्पेसच लागतं, त्यांच्यासाठी पुढे टेलिग्रामचं सांगितलंय.

तो पत्ता जपायचा मात्र. त्याच्यातच किल्ली आणि टोकन असतं, ज्याच्या हातात पत्ता पडला तो तुमच्या स्पेसमध्ये 'नोटवाला'च्या नावाने काहीही टाकू शकतो. बऱ्याच ठिकाणी तो सरळ कोडमध्ये चिकटवलेला दाखवतात आणि मग तीच शीट सगळ्यांना शेअर केलेली, शीट एडिट करू शकणाऱ्याला स्क्रिप्टही उघडता येते की. निदान एवढं करा की स्क्रिप्टचा प्रोजेक्ट वेगळा ठेवा किंवा ती शीट मोजक्यांच्याच हातात द्या. फुटलाच तर स्पेसमध्ये जाऊन ते वेबहुक डिलीट करून नवीन करायचं, जुना पत्ता तिथेच मरतो, बाकी काही बिघडत नाही.

आता ॲप्स स्क्रिप्टची बाजू, आणि इथेच खरी गंमत आहे. सर्वात सोपी पद्धत म्हणजे टाइम ट्रिगर. स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने जागी होते, फोल्डरमधल्या फाइलींचे आयडी वाचते, मागच्या वेळच्या यादीशी ताडून बघते, नवीन आयडी दिसला की चॅटला कळवते. वीस-पंचवीस ओळींचं काम. कल्पना एकदम बरोबर वाटते ना? वाटतेच. पण गूगल डॉक्स कसा वापरतो आपण ते आठवा. फोल्डरमध्ये जाऊन न्यू दाबलं की त्याच क्षणी फाइल जन्माला येते, नाव 'अनटायटल्ड डॉक्युमेंट', आत पांढरं पान. माणूस अजून चहा घेऊन बसतोय, पहिलं वाक्य जुळवतोय, आणि तिकडे स्पेसमध्ये जाहीर होतं की नवीन नोट आली आहे, अनटायटल्ड डॉक्युमेंट. सगळे उघडून बघतात, आत काही नाही. त्या लिहिणाऱ्याला पण वर आठ जणांचे गोल दिसायला लागतात, तो दचकून टॅब बंद करतो. एका आर्टिकलने मला तोंडावर सांगितलं, 'ताई, मी आता आधी वहीत लिहितो.' म्हणजे बघा.

हा बग नाहीये, आणि कोड कितीही घासला तरी जात नाही. ड्राइव्हला फाइल 'झाली' हे कळायची जागाच नाही. ड्राइव्हला फाइल बनली कधी कळतं, शेवटची बदलली कधी कळतं, पण लिहिणाऱ्याच्या मनात ती पुरी झाली कधी हे त्याला कळणार कसं. कॉन्फ्लुअन्ससारख्या विकीत ड्राफ्ट वेगळा आणि पब्लिशचं बटण वेगळं, त्यामुळे त्यांचं स्लॅकशी (ऑफिससाठीचं चॅट ॲप) जोडलेलं काम बरं चालतं, बटण दाबलं की मेसेज, बटण दाबेपर्यंत शांतता. आपल्याकडे ते बटणच नाही तर आधी बटण तयार करायला पाहिजे आणि मग त्याला घंटी बांधायची. माझा सगळा रिव्ह्यू खरं तर एवढ्यावरच आहे, बाकी सगळं तपशील.

बटण करायचे दोन रस्ते आहेत. एक, दोन फोल्डर ठेवायचे, एक कच्चा एक पक्का, पोरांनी लिहायचं कच्च्यात आणि झालं की फाइल ओढून पक्क्यात टाकायची, स्क्रिप्ट फक्त पक्क्यावर नजर ठेवते. हे चालतं, फाइल हलवली किंवा नाव बदललं तरी तिचा आयडी तोच राहतो त्यामुळे यादीत गोंधळ होत नाही, फक्त तारीख बघणारी स्क्रिप्ट लिहू नका कारण हलवल्याने फाइलची जन्मतारीख बदलत नाही, आठवड्यापूर्वी सुरू केलेली नोट आज पक्क्यात आली तर तारखेवर चालणारी स्क्रिप्ट तिला जुनी समजून सोडून देते. आयडीची यादीच ठेवायची. पण याच्यातही बारीक काटे आहेत. फोल्डरमधल्या फाइली मागितल्या की वरच्या थरातल्याच मिळतात, आतल्या फोल्डरमधल्या नाही, जीएसटी, टीडीएस, ऑडिट असे उपफोल्डर असतील तर आत शिरायचा कोड वेगळा लिहायला लागतो. शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइलचा मालक विचारला तर उत्तर रिकामं येतं, कारण तिथे मालक माणूस नसतो, ड्राइव्हच असतो, आणि 'लिहिणारा कोण' छापायला म्हणून मालकाचं नाव मागितलं की स्क्रिप्ट तिथेच आपटते. आणि आपल्या लोकांची सवय, पीडीएफ फायनल, पीडीएफ फायनल टू, पीडीएफ फायनल करेक्टेड, प्रत्येक वेळी जुनी काढून नवीन टाकली की आयडी नवीन, मेसेज नवीन. ड्राइव्ह अपलोड करताना विचारतं की जुन्याच्या जागी टाकू का दोन्ही ठेवू, जुन्याच्या जागी टाकली तर आयडी तोच राहतो, पण ते वाचतं कोण.

दुसरा रस्ता गूगल फॉर्म, आणि आम्ही तोच ठेवलाय. नोट लिहून झाली की लिहिणाऱ्याने एक फॉर्म भरायचा, चार रकाने, विषय, लिंक, कोणाला लागू, आणि 'एका ओळीत सांग'. सबमिट दाबलं की फॉर्मचं उत्तर शीटमध्ये जातं, शीटला लावलेला फॉर्म सबमिटचा ट्रिगर स्क्रिप्टला उठवतो, स्क्रिप्ट ते चार रकाने जुळवून वेबहुकवर टाकते, बहुतेक वेळा फॉर्म भरणारा टॅब बंद करेपर्यंत मेसेज पडलेला असतो. पंधरा मिनिटं थांबणं नाही, यादी ताडणं नाही, अनटायटल्ड नाही, कारण फॉर्म भरणं हेच आपलं बटण झालं. रकान्यांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात, स्क्रिप्टला 'विषय' नावाच्या रकान्यातलं दे म्हटलं की देते, फक्त नंतर कोणी फॉर्ममध्ये 'विषय'चं 'नोटचा विषय' केलं की मेसेजमध्ये त्या जागी भोकच पडतं, म्हणून फॉर्म एडिट करायची परवानगी एकाच माणसाकडे. रकान्यांच्या क्रमाने पण घेता येतं पण मग शीटमधले रकाने कोणी मागेपुढे केले की क्रम हलतो, दोन्हीकडे काहीतरी आहेच.

फॉर्मचा आणखी एक फायदा जो मला सगळ्यात जास्त आवडला तो परवानग्यांचा. फोल्डर वाचणारी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना ड्राइव्ह बघायची परवानगी मागते, म्हणजे ज्याच्या अकाऊंटवर चालते त्याचं सगळं ड्राइव्ह. सीए ऑफिस आहे हो, क्लायंटचे बॅलन्सशीट, पॅन, आधार सगळं तिथे. फॉर्मवाल्या स्क्रिप्टला शीट आणि बाहेर मेसेज पाठवायची परवानगी पुरते, ड्राइव्ह उघडायचं तिला कारणच नाही. सरांना हे एक वाक्य सांगितलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं, आधी ते 'हे गूगलवाले काय काय वाचतात' वर अडले होते.

आणि तो चौथा रकाना, 'एका ओळीत सांग', तो नसेल तर ही सगळी खटपट करू नका असं मी म्हणेन. नुसतं शीर्षक आणि लिंक आली तर कोणी उघडत नाही, लिंक उघडणं म्हणजे काम. ओळ असेल तर अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं. आमच्याकडे आलेला एक मेसेज साधारण असा होता:

*ई-इन्व्हॉइस: 30 दिवसांची मुदत*
कोणाला लागू: उलाढाल 10 कोटी आणि त्यावर
एका ओळीत: 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत पोर्टलवर टाकलं नाही तर आयआरएन (बिलाचा ई-इन्व्हॉइस नंबर) मिळणार नाही, क्रेडिट आणि डेबिट नोटलाही हेच.
नोट: इथे उघडा

हे वाचल्यावर ज्याच्याकडे दहा कोटीच्या वरचे क्लायंट आहेत तो नोट उघडतो, ज्याच्याकडे सगळे किराणा आणि हार्डवेअरवाले तो वाचून पुढे जातो, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर 'असं काहीतरी आलं होतं बघ' एवढं त्याच्या डोक्यात राहतं. मला तर वाटतं तेवढंच पाहिजे असतं. याउलट पहिल्या पहिल्यांदा एकाने त्या ओळीत लिहिलं होतं 'महत्त्वाची नोट, सर्वांनी वाचावी'. मी फॉर्ममध्ये रकान्याखाली सूचना घातली, 'कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत ते लिहा', मग सुधारलं.

मेसेज छान दिसावा म्हणून दोन गोष्टी. ठळक करायला चॅटमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूला एकच चांदणी लागते, दोन नाही, आजकाल सगळे एआयकडून कोड लिहून घेतात आणि ते दोन चांदण्या टाकतं, मग मेसेजमध्ये चांदण्याच चांदण्या. आणि लांबच लांब लिंक नुसती टाकण्यापेक्षा तिला 'इथे उघडा' असं नाव देता येतं, कोन कंसात आधी पत्ता, मग उभी रेघ, मग शब्द. देवनागरीचा काही त्रास नाही, जोडाक्षरं वगैरे फोनवर पण नीट दिसतात. मेसेजमध्ये सगळ्यांना टॅग करायची सोय आहे, वेबहुकमधूनही होते, पण ती आम्ही फक्त तारीख बदलली तरच वापरतो, म्हणजे ड्यू डेट वाढली असं काही आलं तर. रोज सगळ्यांना टॅग केलं की लोक त्या टॅगलाही सरावतात.

क्लायंटचं नाव मात्र मेसेजमध्ये नको. फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसतं ते, बसमध्ये शेजारचा वाचतो, सांगली आहे ही, शेजारचा त्या क्लायंटचा मेव्हणा निघायचा. आम्ही 'कोणाला लागू' मध्ये प्रकार लिहायला सांगतो, ट्रेडर, काँट्रॅक्टर, ट्रस्ट, हळदीवाले, असं. फॉर्ममध्ये ड्रॉपडाऊनच ठेवलाय म्हणजे कोणी नाव टाइप करूच शकत नाही.

आता जे खटकलं ते. वेबहुकने टाकलेला मेसेज वेबहुकनेच मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही, ओळीत चूक गेली की दुसरा मेसेज टाकायचा, 'वरचं चुकलं, 15 नाही 45 दिवस' असा, आणि एमएसएमईच्या 43बीएचमध्ये (1961 च्या आयकर कायद्यातलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत द्यायचं कलम) तर 15 आणि 45 दोन्ही खरे असतात, लेखी करार असेल तर करारातली मुदत पण 45 च्या वर नाही, नसेल तर 15, त्यामुळे त्या नोटच्या खाली आमच्याकडे थ्रेडच लागला होता. वेबहुकला थ्रेडची किल्ली देता येते, तीच किल्ली दिली की दुरुस्ती जुन्याच मेसेजखाली जाते, हे चांगलं आहे, पण ते कोडमध्ये घालायला लागतं, आपोआप नाही. वेगाची मर्यादा एका स्पेसला सेकंदाला एक मेसेज, आपल्यासारख्यांना काही फरक पडत नाही, पण फोल्डरवाल्या पद्धतीत कोणी एकदम चाळीस फाइली ओतल्या तर मध्ये सेकंदाची झोप घालावी लागते नाहीतर काही मेसेज गळतात.

परवानगीचं आणखी एक. माणसाने चॅटमध्ये ड्राइव्हची लिंक टाकली की चॅट विचारतं, या लोकांना बघायची परवानगी देऊ का. वेबहुकने टाकली की कोणी विचारत नाही. नोट जर कोणाच्या स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये असेल तर लिंक दाबल्यावर समोर 'ॲक्सेस हवा' चं पान, आणि लिहिणाऱ्याच्या मेलवर परवानगी मागणाऱ्यांची रांग. म्हणून नियम एकच, नोट शेअर्ड ड्राइव्हमध्ये नसेल तर फॉर्म भरायचा नाही.

रोजच्या रोज मेसेज नको वाटत असतील तर दिवसाची एकच मोट बांधून संध्याकाळी पाठवता येते, दिवसाचा ट्रिगर असतो, पण तिथे नेमकी वेळ देता येत नाही, पाच ते सहा असा तास निवडायचा आणि त्या तासात कधीतरी ते चालतं. प्रोजेक्टचा टाइमझोन एकदा बघून घ्या, एशिया कोलकाता नसेल तर संध्याकाळचा मेसेज भलत्याच वेळी येतो. आम्ही मोट नाही ठेवली, कारण आमच्याकडे दिवसाला नोट्स येऊन येऊन येणार किती, एखादी, नाहीतर नाहीच. ज्यांच्याकडे जास्त येतात त्यांनी जरूर मोट बांधा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ऑफिस मायक्रोसॉफ्टवर असेल तर टीम्समध्ये पूर्वी ऑफिस 365 कनेक्टर होते, फार सोपे, ते बंद करणार असं मायक्रोसॉफ्टने जुलै 2024 मध्ये जाहीर केलं आणि आता पॉवर ऑटोमेटचे वर्कफ्लोज वापरा म्हणतात, त्यामुळे नेटवर जुनी कनेक्टरची रेसिपी सापडली तर तिच्यामागे वेळ घालवू नका. वर्कफ्लोज ताकदीचे आहेत, फॉर्म भरला की चॅनेलवर पोस्ट हा तर तयार साचाच असतो, कोड एक ओळ नाही, त्या बाबतीत ते गूगलच्या पुढे आहेत असं मी म्हणेन. स्लॅक सगळ्यात गुळगुळीत, वापरायला मजा येते, फुकटच्या प्लॅनमध्ये 90 दिवसांपर्यंतचेच मेसेज दिसतात आणि दहाच ॲप जोडता येतात, पण या कामासाठी ते 90 दिवस आड येत नाहीत कारण नोट ड्राइव्हमध्ये आहे, चॅटमध्ये फक्त वर्दी. आड येतं ते असं की सांगलीतल्या सीए ऑफिसात आणखी एक ॲप कोण उघडून बसणार. आणि फुकटच्या जीमेलवाल्यांनी टेलिग्राम घ्या, बॉटफादरकडून (टेलिग्रामचाच बॉट बनवून देणारा बॉट) बॉट काढायचा, टोकन मिळतं, बॉटला ग्रुपमध्ये घ्यायचं, ग्रुपचा आयडी काढायचा, तो उणे चिन्हाने सुरू होतो ते उणे खाऊ नका, आणि ॲप्स स्क्रिप्टमधून तोच फॉर्म तिकडे जोडायचा. साध्या जीमेल अकाऊंटलाही दिवसाला 20,000 वेळा बाहेर मेसेज पाठवायची मुभा आहे, तेवढ्या नोट्स साऱ्या जिल्ह्यात मिळून लिहून होणार नाहीत. मधले दलाल म्हणजे झेपियर वगैरे, ते चांगले आहेत पण फुकटच्या प्लॅनला मर्यादा, त्यापुढे डॉलरमध्ये महिन्याला पैसे, आणि जे काम फुकटात होतं त्यासाठी सरांकडे डॉलर मागायला मी जाणार नाही. गावातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने याच कामाला 'नॉलेज मॅनेजमेंट सोल्युशन' असं कोटेशन दिलं होतं, आकडा सांगत नाही, सरांनी कागद उलटा करून त्याच्या पाठीवर कोणाच्यातरी टीडीएसची बेरीज केली.

आता कापलेला एक स्टार. ॲप्स स्क्रिप्टचा ट्रिगर हा ऑफिसचा नसतो, ज्याने लावला त्या माणसाचा असतो. त्याच्या अकाऊंटवर चालतो, त्याच्या परवानगीने चालतो, तो बंद झाला की हाही बंद. ट्रिगरच्या पानावर दुसऱ्याचे ट्रिगर नीट दिसत पण नाहीत, 'अदर यूजर' एवढंच. स्क्रिप्ट पडली तर नेहमीच्या सेटिंगला दिवसातून एकदा अपयशाचा मेल येतो, तो लगेच यावा असंही करता येतं, पण तो मेलही त्याच माणसाला. आता आमच्यासारख्या ठिकाणी ज्याला कोडिंग येतं तो कोण असतो, तर एखादा आर्टिकल. त्याने हौसेने लावलं, दोन वर्षांनी तो गेला, सरांनी लायसन्स वाचवायला त्याचं अकाऊंट डिलीट केलं, आणि स्पेस गप्प. कोणाला कळतही नाही, कारण मेसेज न येणं हे कोणाच्या नजरेला पडत नाही, सगळे समजतात हल्ली कोणी लिहीत नाही. यासाठी ऑफिसच्या नावाने वेगळं अकाऊंट ठेवावं असा सगळीकडे सल्ला असतो, पण त्याला महिन्याला एक लायसन्स जास्त, आणि सर म्हणाले एका घंटीसाठी एक माणूस पोसायचा का. शेवटी ट्रिगर सरांच्या अकाऊंटवर लावला, त्यांच्यासमोर बसून, परवानगीचं प्रत्येक पान वाचून दाखवून. अपयशाचे मेल 'लगेच' वर ठेवलेत आणि सरांच्या जीमेलमध्ये फिल्टर लावून ते माझ्याकडे फॉरवर्ड केलेत, त्यांच्या इनबॉक्समध्ये ते कोणाला सापडले नसते.